लग्नपत्रिकेला आवक क्रमांक

साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावरची "तक्रारी" लिहिलेली फाईल उचलली, तिच्यावरचं लेबल नखानं खरवडून काढलं आणि त्या जागी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "आमंत्रणे". मी मनात म्हटलं, झालं, आधीचे साहेब झोपायचे, हे जागेपणीच स्वप्नं पाहणार. मग त्यांनी वरची पहिली तक्रार काढली, उभं राहून वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "मॅडम, चला. बोलावलं आहे आपल्याले."

बोलावलं होतं म्हणजे काय, तर एका गल्लीतल्या माणसानं चिडून लिहिलं होतं, "कोणी पाहायला तरी या." साहेबांनी त्यातलं चिडणं सोडून दिलं आणि "या" तेवढं घेतलं.

नागपूर संपलं असं वाटतं तिथून पुढे ते पुन्हा सुरू होतं. अशा कडेच्या एका नगरपरिषदेत मी आवक-जावक टेबलाला आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. नागरिकांच्या तक्रारी ऐकायला बाहेरचा, कोणाच्या बाजूचा नसलेला माणूस हवा, म्हणून करारावर एक पद काढलं होतं. त्या पदाला अधिकार दोनच. ऐकायचं, जाऊन पाहायचं आणि विभागाला शिफारस करायची. हे तीन झाले म्हणाल, पण पाहायला आधी कोणी जातच नसे. शिफारस विभागानं मानलीच पाहिजे असंही काही नव्हतं. एक खुर्ची, एक शिक्का आणि मी, एवढी साहेबांची फौज.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. इतवारीतल्या दुकानांचे काटे तपासण्यात उभं आयुष्य गेलेलं. त्यामुळे "थोड्या वेळानं येतो" असं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "सात मिनिटांनी येतो" म्हणायचे आणि सातव्या मिनिटाला दारात. मनगटावर एक घड्याळ आणि ते बरोबर चालतं की नाही हे पाहायला खिशात दुसरं. मी एकदा विचारलं, "आणि खिशातलं चुकलं तर?" तर त्यांचा चेहरा इतका उतरला की मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तो भिंतीवर तिसरं.

तक्रारीवर जाताना त्यांचा थाट पाहावा. कडक इस्त्रीचा क्रीम रंगाचा सफारी, पॉलिश केलेले बूट, खिशात रुमाल. उकिरडा पाहायला जायचं असो की फुटलेला नळ, पोशाख तोच. स्वच्छता निरीक्षक एकदा वैतागून म्हणाले, "साहेब, चिखलात चाललो आपण. हे बूट काहून घातले?" साहेब म्हणाले, "पाहुणा म्हणून चाललो ना गा. ज्यानं बोलावलं त्याच्यापुढे नीट कपड्यात जायचं. आपल्याकडून काही होईल असं वाटते, म्हणून माणूस लिहिते. आशा संपली का कोणी तक्रार नाई करत." एवढं बोलून ते चिखलात उतरले आणि घोट्यापर्यंत रुतले. निरीक्षकांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा एक बूट आत राहिला. तो शोधायला तासभर लागला आणि शोधता शोधता पाइप कुठे फुटलाय तेही सापडलं. साहेबांनी अहवालात लिहिलं, "बूट व गळती दोन्ही मिळाले."

कचऱ्याच्या घंटागाडीची गोष्ट तर आमच्या ऑफिसात अजून सांगतात. एका निवृत्त मास्तरीणबाईंची तक्रार होती की गाडी दारासमोर थांबतच नाही, गाणं वाजवत पळून जाते. ठेकेदार म्हणे, थांबते. साहेब सकाळी सफारीत त्यांच्या दारात हजर. हातात बाईंचीच बादली, ओला कचरा भरलेली. गाडी आली, गाणं वाजलं, गाडी गेली. आणि साहेब बादली घेऊन गाडीमागे धावले! वय अडुसष्ट. मी मागे धावतेय, माझ्यामागे मास्तरीणबाई, आमच्या मागे गल्लीतली कुत्री. पुढच्या चौकात ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि घाबरून ब्रेक मारला. साहेबांनी आधी बादली रिकामी केली, मग घड्याळ पाहिलं आणि दम खात विचारलं, "थांबायले तुमाले किती वेळ लागते?" ड्रायव्हर म्हणाला, "काही नाई साहेब, ब्रेकच तं मारायचा असते." दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबू लागली.

तर अशा या साहेबांना ज्या तक्रारीनं रडकुंडीला आणलं ती खापरखेड्याच्या काकांची.

काका खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले. आमच्या हद्दीत घर बांधलं आणि घराच्या बरोबर पुढ्यात गडरचं, म्हणजे गटाराचं, चेंबर. ते तुंबलेलं. पाणी वर येऊन दारासमोर उभं. साहेब येण्याआधी काकांनी अकरा वेळा तक्रार केली होती आणि अकराही वेळा मोबाइलवर निरोप आला होता की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. "मी मेसेज वाचून बाहेर पाहू, तं पाणी तसंच," काका सांगायचे, "मले वाटे मेसेज दुसऱ्या कोणाचा आला."

साहेबांनी नियम केला होता की तक्रारदार स्वतः "मिटली" असं लिहून देत नाही तोवर तक्रार बंद होणार नाही. त्यामुळे काकांची अकरावी तक्रार पुन्हा उघडली, ती बंद झाली नाही. पण उघडी राहून तरी काय? गडर साफ करायची प्रेशरची मोठी गाडी हवी होती आणि कनिष्ठ अभियंता दर आठवड्याला सांगायचे, "येऊन राहिली साहेब, गाडी येऊन राहिली." चार महिने ती गाडी येत होती. एवढ्या वेळात ती काश्मीरहून चालत आली असती.

काकूंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारलेला. उजवी बाजू गेलेली, पण जीभ शाबूत आणि चांगली धारदार. त्यांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून. खिडकीबाहेर ते पाणी. ओढणीचं टोक ओलं करून नाकाला लावून त्या दिवसभर पडून असायच्या. साहेब दर मंगळवारी जायचे, आत जात नसत, तक्रारदाराच्या घरचा चहा घेत नसत. खिडकीबाहेर विटांवर उभं राहून गजांतून विचारायचे, "वहिनी, फरक?" त्या आतून म्हणायच्या, "काहीच नाई भाऊ. वास तेवढा वाढला." साहेब वहीत लिहायचे, "वास वाढला."

आणि मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा काटोलचा, संत्र्याची बाग, माणसं चांगली. पाहुण्यांनी हॉल सुचवला तेव्हा काकू आडव्या आल्या, म्हणजे होत्याच आडव्या. खाट हॉलमध्ये नेता येत नव्हती, डॉक्टरनं हलवायचं नाही म्हणून सांगितलेलं. "पोरीचं लग्न मी पाहीन तं याच खिडकीतून पाहीन," त्या म्हणाल्या, "नाई तं तुमी सारे हॉलमंधी जा, मी इकडे पंख्याकडे पाहत राहीन." पुढे बोलणंच खुंटलं. लग्न दारात होणार, मांडव खिडकीसमोर पडणार आणि खिडकीसमोर गुडघाभर गडर. मुहूर्ताला पंधरा दिवस होते. काका ऑफिसात येऊन हे सांगताना हसत होते, पण जाताना पिशवी माझ्या टेबलावरच विसरून गेले. साहेबांनी त्या दिवशी अभियंत्याला तीनदा बोलावलं. गाडी येऊन राहिली होती.

त्याच आठवड्यात साहेबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी दुसरं कोणी नव्हतं. डोळ्यात थेंब घालायला शेजारी यायचे आणि टपाल घेऊन मी जायची. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसतं, पण टपाल रोजच्या रोज निघालं पाहिजे हा हट्ट. मी पाकीट दाखवायची, कोणाचं ते सांगायची, सहीच्या जागी बोट ठेवायची, ते सही करायचे.

आता माझी चूक सांगते. त्या दिवशी टपालात काकांचं पाकीट होतं. त्यांचं अक्षर मला झोपेतही ओळखू येतं. मी पाकीट उघडायच्या आधीच म्हणाले, "काकांची बारावी." साहेब खवळले. "बारावी! सर्व विभागांले पाठवा मॅडम. पाणी, सफाई, लाईट, बगीचा, जनावरं, जे जे आहेत ते. तात्काळ कार्यवाही करून अहवाल द्या म्हणावं." मी तिथंच तसं पत्र लिहून त्यांची सही घेतली, ऑफिसात आले, पाकिटातून कागद अर्धा ओढला, कोऱ्या बाजूवर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि झेरॉक्सला दिला. शिपायानं दोन्ही बाजूंच्या पाच प्रती काढल्या. मी वरती साहेबांच्या सहीचं पत्र लावून पाच विभागांना पोचत्या केल्या. टपाल वेळेत निघालं म्हणून मी खुशीत घरी गेले.

ती लग्नपत्रिका होती. वर गणपती, खाली "अगत्य येण्याचे करावे", आणि त्यावर साहेबांच्या सहीनं हुकूम, तात्काळ कार्यवाही करून अहवाल सादर करावा.

पाचही विभागांनी पत्रिका उलटसुलट वाचली आणि पाचही जणांनी स्वतंत्रपणे एकच अर्थ काढला. साहेबांच्या घरचं लग्न आहे. माणूस सरळ सांगणार नाही, इतका सोवळा आहे, म्हणून असं पाठवलंय, समजून घ्या. शिवाय पत्रिकेवर जे होतं ते आजवर कुठल्या तक्रारीवर नव्हतं. तारीख, अकरा बेचाळीसचा मुहूर्त, घराचा पत्ता आणि पाण्याच्या टाकीपासून कसं वळायचं त्याचा नकाशा. चार महिने न आलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

काकांचा फोन आला तेव्हा पलीकडे इतका आवाज होता की ते ओरडत होते. "मॅडम, इकडे पाच गाड्या येऊन राहिल्या! गडरवाले, झाडूवाले, खंब्यावर माणूस चढून राहिला! मी काय गुन्हा केला का?" मागून काकू विचारत होत्या, "कोण मेलं वं?" प्रेशरच्या गाडीनं दोन तासांत चेंबर मोकळं केलं. त्यातून एक सतरंजी, एक सायकलचं चाक आणि अकरा वेळा निकाली निघालेलं सगळं बाहेर आलं. सफाईवाल्यांनी चुन्याची रेघ ओढली, ती सरळ म्हणून पुसून पुन्हा वेलबुट्टीची काढली. बगीचा विभागानं साठ कुंड्या आणून मांडल्या. हळदीच्या दिवशी डासांच्या धुराचं मशीन आलं आणि बायका हळद लावता लावता धुरात दिसेनाशा झाल्या. एका आत्यानं चुकून व्याह्यांनाच हळद फासली. ते म्हणे फार खूश झाले.

मला तोवर काही कळलं नव्हतं. अहवाल आला तेव्हा कळलं. "विषय: चि. सौ. कां. यांचा शुभविवाह. केलेली कार्यवाही: गडर साफ केले, ८ दिवे बसविले. शिल्लक: नाही." मी तो वाचून खुर्चीत बसल्या बसल्या इतकी हसले की उचकी लागली, आणि उचकी थांबल्यावर इतकी घाबरले की पुन्हा लागली. साहेबांना सांगायची हिंमत होईना. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता लग्नाचा दिवस उजाडला.

साहेब लग्नाला आले ते काळा चष्मा लावून. सफारी तोच. त्यांची समजूत अशी की बारावी तक्रार पोचली आणि व्यवस्था सुधारली. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी कोरडी जमीन बुटानं ठोकून पाहिली आणि लहान मुलासारखे हसले. "मॅडम, पाहा! नियमानं होते सारं. वेळ लागते, पण होते." मी त्यांना घाईनं कुंड्या दाखवायला नेलं.

तेवढ्यात काटोलकडून आरडाओरडा आला, म्हणजे वरातीकडून. मोकाट जनावरांच्या पथकानं अहवालासाठी काहीतरी पकडायलाच हवं म्हणून कोपऱ्यावर बांधलेली नवरदेवाची घोडी गाडीत चढवली होती. घोडी झुली-मोत्यांसकट गाडीत, नवरदेव रस्त्यावर. अभियंता घामाघूम होऊन धावत आले आणि साहेबांपुढे हात जोडले. "माफ करा साहेब, घोडी सोडवून राहिलो. तुमच्या घरच्या कार्यात असं व्हायले नोको होतं."

"माझ्या घरच्या?" साहेब म्हणाले.

मग मला सांगावंच लागलं. तिथंच, कुंड्यांच्या मधे उभं राहून, सगळं. साहेबांनी चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं असावं. रागावले नाहीत. पण चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं याची मला अजून लाज वाटते. "म्हणजे नियमानं नाई झालं," ते हळूच म्हणाले, "मी यांचा कोणी लागतो म्हणून झालं." मग तडक जाऊन त्यांनी गुरुजींच्या समोरचा माइक उचलला.

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते," साहेबांचा आवाज गल्लीभर घुमला, "की वधूपक्षाशी माझा कोणताही नातेसंबंध नाही. मी यांचा कोणीही नाही."

बँडवाल्याच्या तोंडात पिपाणी तशीच राहिली. काकांनी मान खाली घातली. आणि खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"भाऊ, इकडे या."

साहेब खिडकीशी गेले. मी मागोमाग. काकू उशाला टेकवून बसवलेल्या, अंगावर नवी नऊवारी, एकाच हातात हिरवा चुडा.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुमी आमचे कोणी नाई म्हणता. खरं आहे. माहा भाऊ मागल्या साली गेला. पोरीच्या मांगं उभं राहाले मामा नाई. हे म्हणून राहिले शेजारचा कोणी उभा करू. मले तो नाई पाहिजे. चार महिने या खिडकीत तुमीच येऊन उभे राहिले. कोणी नाई आहात तं व्हा ना आता."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, खिशातलं पाहिलं. अकरा चौतीस.

"काका!" ते गरजले. "इकडे या. गडर वाहून राहिलं?"

"हाव साहेब, खळखळ."

"तक्रार मिटली?"

"मिटली बाप्पा, मिटली! मुहूर्त चालला!"

"लिहून द्या."

कागद नव्हता. काकांनी स्वतःच्याच घरच्या पत्रिकेच्या मागे लिहिलं, तक्रार मिटली. सही केली. अभियंत्यानं साक्षीदार म्हणून केली. साहेबांनी खाली वेळ टाकली, अकरा वाजून अडतीस मिनिटं, आणि पत्रिका माझ्या हातात दिली. "जावक क्रमांक टाका मॅडम. आता माझा या तक्रारीशी संबंध नाई." मग बूट काढले, कोणीतरी डोक्यावर फेटा चढवला, आणि ते पोरीचा हात धरून तिला पाटावर घेऊन आले. घोडीही वेळेत सुटली होती. अंतरपाट धरला तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं. काकूंनी नाकाची ओढणी काढून टाकली होती आणि डाव्या हातानं अक्षता टाकत होत्या. त्या गजांनाच लागून परत त्यांच्या अंगावर पडत होत्या.

पुढे साहेबांविरुद्ध तक्रार आली. निनावी, पण टाइप केलेली. पदाचा वापर करून नातेवाइकाचं काम करून घेतलं. वरून खुलासा मागवला. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी लिहून देते. साहेब म्हणाले, "सही माझी होती." त्यांनी खुलासा दिला तो मीच टाइप केला. "अकरा अडतीसपर्यंत वधू माझी कोणी नव्हती. अकरा बेचाळीसपासून ती माझी भाची आहे. तक्रारीत तथ्य नाही, पण नाते खरे आहे." वरच्यांना तो उद्धटपणा वाटला. कराराची मुदत वाढवली नाही.

जायच्या दिवशी ते उरलेल्या फायली माझ्याकडे सोपवत होते. खूप होत्या. त्यांतला एक कागद हातात धरून म्हणाले, "एका घराचं गडर वाहिलं मॅडम, पण ते माह्या नावावर वाहिलं. बाकीच्यांसाठी मी किती मामा आणू?" मी तो कागद त्यांच्या हातातून घेऊन "आमंत्रणे" फायलीत लावला. सध्या त्या खुर्चीवर कोणी नाही, आणि गाडी पुन्हा येऊनच राहिली आहे. मीच कधी कधी मंगळवारी इस्त्रीची साडी नेसून एखादा पत्ता गाठते. जाऊन पाहण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, तरी लोक दार उघडतात.

पण मला साहेब आठवतात ते त्या खुर्चीतले नाही, पाठवणीच्या वेळचे. दुपार कलली होती. भाची सगळ्यांच्या पाया पडत पडत साहेबांपर्यंत आली आणि वाकली. साहेब ताठ उभे. कुठल्या कलमात काय लिहिलंय हे पाठ असलेला माणूस, त्याला हात कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "मॅडम, आता मामानं काय करायचं असते?"

"काही नाही साहेब," मी म्हटलं, "थोडं रडायचं असतं."

त्यांनी काळा चष्मा नाकावर घट्ट दाबून धरला.

"त्यावर," ते म्हणाले, "कार्यवाही सुरू आहे."